एकदाच मोजायचं

मुलुंड पूर्वेला पिठाच्या गिरणीच्या वर नंदकिशोरचा रसायनशास्त्राचा क्लास होता. गिरणी सुरू झाली की फळा थरथरायचा. टार्टरिक आम्लाशी आले की बारावीची पोरं दरवर्षी हटकून फसायची. सूत्रानं त्याच्या रेणूची रूपं येतात चार, प्रत्यक्षात असतात तीन.

"अरे, ही शेवटची दोन एकमेकांची आरशातली प्रतिमा," रंगीत गोळ्यांची दोन मॉडेलं एकमेकांशेजारी धरत तो म्हणाला. "पण फिरवून बघ, तंतोतंत जुळतात. म्हणजे एकच. एकदाच मोजायचं!"

"सर, मग तुमच्या घरी पण चार नाही, तीनच ना?" मागून केतन म्हणाला.

सरांच्या जुळ्या मुली सगळ्यांना ठाऊक होत्या. श्रुतिका उजव्या हाताची, श्वेता डावखुरी. एकीच्या केसांतला भोवरा उजवीकडे, दुसरीचा डावीकडे. वर्ग हसला. नंदकिशोरला विनोद आवरायचा कधी?

"करेक्ट. तीनच!" तो म्हणून गेला.

रविवारी त्याची बायको क्षमा मुलींच्या डोक्याला तेल लावत होती. दोघींचे भोवरे मधोमध होते.

"अगं, हे मधे कधी आले?"

"पहिल्यापासून तिथेच आहेत. चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा."

बुधवारी त्यानं श्वेताला हाक मारली. "ओ," दोघींचे ओठ हलले. आवाज एकच आला.

त्याचं चित्त थाऱ्यावर राहिना. शिकवताना दोनदा खडू हातातून पडला. आपण काय बोलून बसलो, हेच डोक्यात घोळत होतं. केमिस्ट्रीच्या मास्तरनं असलं काही मनात आणावं, याची त्याला लाज वाटली. पण भीती जाईना.

शनिवारी दुपारी तो खिडकीतच उभा होता. मुली शाळेतून येताना दिसल्या. फाटकाशी एक दुसरीच्या पुढे आली. मागची पुन्हा दिसलीच नाही.

दारातून एकच आत आली.

"श्वेता कुठेय?"

"ओ," ती म्हणाली.

"आणि श्रुतिका?"

"ओ. काय झालं, बाबा?"

क्षमानं तीन ताटं घेतली.

"अगं, चार घे."

"का? कोण येतंय जेवायला?"

तो मुलीच्या डाव्या बाजूला बसला. ती उजव्या हातानं वरणभात कालवत आईला शाळेतली गंमत सांगत होती.

टेबलाखाली तिच्या डाव्या हातानं त्याचं बोट धरलं. घट्ट, नखं रुतेपर्यंत.

वर ती हसतच होती.