दोन पन्नासचा घोटाळा

"पस्तीस मिनिटं उरली," शंका वही बघत म्हणाला. "मग मामाची नोकरी गेलीच समजा."

"जरा शुभ बोल की रे," ताईने त्याला टपली मारली.

ही भावंडं सुट्टीत मामाकडे आली होती. थोरली ताई, उठसूट शंका काढणारा शंका आणि सात वर्षांची चिमणी. मामाचं घर रेडिओ केंद्राच्या आवारातच होतं. रोज कधीतरी दोन-तीन तास लाईट जायची. तेवढा वेळ जनरेटर चालवून केंद्राचा आवाज चालू ठेवायचा, हे मामाचं काम. पण तीन दिवस झाले, दुपारी दोनला लाईट जायची आणि दोन पन्नासला जनरेटरही मान टाकायचा. गोष्ट सांगणाऱ्या बाई अर्ध्या वाक्यात गप्प!

काल व्यवस्थापक साहेबांनी मामाला सगळ्यांसमोर झापलं होतं. "डिझेल बदललं, फिल्टर बदलला. उद्या बंद पडला तर माणूस बदलीन." रात्री मामा भरल्या ताटावरून उठला होता.

"सोमवारी लाईट सकाळी गेली होती," शंका वहीत बोट ठेवून म्हणाला. "तेव्हा हाच जनरेटर तीन तास ठणठणीत चालला. दुपारीच काय होतं याला?"

"वामकुक्षी घेत असेल," ताई म्हणाली.

"दुपारी नळाला पाणी पण येतं," चिमणी मध्येच बोलली. "काल माझी होडी कोरड्या बादलीत होती. अडीचला धो धो पाणी आलं आणि बुडाली."

शंकाची पेन्सिल थांबली. "लाईट नव्हती, मग टाकीत पाणी चढवलं कुणी?"

"पंपाने," ताई ताडकन उठली. "आणि पंप चालला जनरेटरवर! केंद्र आणि पंप, दोन्हींचं ओझं त्याला झेपत नाही. वीस मिनिटांत तापून बसतो."

तिघं जनरेटरच्या शेडकडे धावली. त्या धडधडाटात ताईने मामाच्या कानात ओरडून सगळं सांगितलं. मामाने कपाळावर हात मारला. "चालतं मशीन सोडून मला हलता येत नाही. साहेबांना सांगा, पळा!"

साहेबांच्या खोलीत पाहुणे बसले होते. "बाहेर खेळा रे," म्हणून त्यांनी दारच लावून घेतलं.

राहिले सुभेदार. फाटकाजवळच्या खोलीतले राखणदार, मिशा पिळदार. पंपाचं बटण त्यांच्याच ताब्यात. दोन वाजून बावीस मिनिटं झाली होती.

"सुभेदार आजोबा, आज पंप लावू नका ना," ताई म्हणाली.

त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. 'रोज बरोबर अडीच वाजता पंप सुरू करावा. व्यवस्थापक.' खाली साहेबांची झोकदार सही. "लेखी हुकूम आहे. तोंडी बोलून मोडत नाही. अडीच म्हणजे अडीच."

ताईने त्या पाटीकडे पाहिलं, मग वरच्या घड्याळाकडे. "आजोबा, कवायत शिकवाल?"

सुभेदारांची कळी खुलली. अंगणात ताई आणि चिमणी ताठ उभ्या राहिल्या, सुभेदार खोलीकडे पाठ करून "एक, दोन" म्हणू लागले आणि शंका स्टुलावर चढला.

सुभेदार परतले तेव्हा घड्याळात एक वाजत होता. "जेवणाची वेळ झाली की," म्हणत त्यांनी डबा उघडला. आत शितही नव्हतं. "आँ? खाल्ला कुणी?"

मुलांनी हसू कसंबसं दाबलं. पण दोन पन्नास जवळ आले तशी तिघांची पाचावर धारण बसली. चिमणीने डोळे मिटले. शंका घड्याळात दीड तास मिळवून मोजत होता. दोन एकोणपन्नास. दोन पन्नास. सुभेदारांच्या ट्रान्झिस्टरवर बाई गोष्ट सांगतच होत्या. दोन एक्कावन्न! गोष्ट संपली आणि बाई म्हणाल्या, "आता वाजले आहेत तीन."

सुभेदारांनी घड्याळाकडे पाहिलं. "रेडिओ बिघडलाय," ते म्हणाले.

साडेतीनला साहेब तरातरा आले. दोन्ही हातांना साबणाचा फेस, मागे हसू लपवणारे पाहुणे. "सुभेदार, पंप का लावला नाही? नळाला थेंब नाही!"

"अजून दोनच वाजलेत, साहेब."

"पंप लावला नाही म्हणूनच जनरेटर चालू आहे," चिमणी म्हणाली.

साहेब थबकले. शेडकडून धडधड ऐकू येत होती. शंकाने वही पुढे केली, घड्याळाचा गुन्हाही कबूल केला. साहेबांनी वही वाचली, मग पाटीवरची स्वतःची सही.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ते हळूच म्हणाले. फेसाळ हातांनीच ते शेडमध्ये गेले आणि पाहुण्यांसमोर म्हणाले, "चूक माझी होती. काल बोललो ते विसरा. तुमच्याशिवाय हे केंद्र चालायचं नाही."

मामाने डोळे पुसले आणि तिघांना एकदमच कवेत घेतलं. "माझी गुणी पोरं ती!"

साहेबांनी पाटीवर नवं वाक्य लिहिलं. 'जनरेटर चालू असताना पंप लावू नये.' सुभेदारांनी ते दोनदा वाचून सलाम ठोकला आणि शंकाचा कान धरला.

"शाबास, पोरा. आता घड्याळ बरोबर लाव. माझा डबा मीच खाल्लाय, हे मला एकदाचं कळू दे."