एका कॉम्प्युटरवर दोघी

टेबलाखाली माणूस आहे हे ठमीला कळलं ते त्याच्या बोटांवर तिची चप्पल पडल्यावर.

"आई गं!" खालून आवाज आला. पाठोपाठ टेबलावर डोकं आपटलं, आणि केसांत कोळिष्टक अडकलेला एक लांबट चेहरा वर आला. "सबुरी, सबुरी... एवढी मोठी खोली, आणि पाय ठेवायला माझी बोटंच सापडली?"

"टेबलाखाली लपून बसायचं आणि वर आम्हालाच बोलायचं?" ठमी म्हणाली. म्हणाली खरी, पण तो बोटं झटकत हसला तेव्हा पुढचं भांडण तिला काही सुचेना. तिनं उगाचच छत्री उघडली, पुन्हा मिटली आणि कोपऱ्यात उभी केली.

हा खाली तळमजल्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. येता-जाता 'सबुरी' म्हणायची सवय, म्हणून अख्खी इमारत त्याला सबुरीच म्हणायची. ठमीची कंपनी लिफ्टची देखभाल करायची, आणि लिफ्ट तपासून झाली की तिचा दाखला करून द्यायचं काम ठमीचं. आता पंचाईत अशी, की दाखले जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेले. नव्यात उघडले की तक्ते विस्कटायचे आणि सहीची जागा उडी मारून पुढच्या पानावर जायची. आणि नवी गिऱ्हाइकं ज्या फाइली पाठवायची, त्या जुन्यात उघडायच्याच नाहीत. दुसरा कॉम्प्युटर घ्या म्हटलं तर साहेबांच्या कपाळाला आठ्या! मग उरलं काय? आहे त्याच कॉम्प्युटरवर दोन्ही घालायची.

"दोन्ही एका घरात नांदतील?" ठमीनं विचारलं.

"नांदतील हो. पण नवं जरा मानी आहे. तुम्ही जुनं उघडलंत की त्याला राग येतो. मग पुढच्या वेळी उघडायला जा, 'थांबा, मांडणी चालू आहे' अशी पाटी लावून बसतं चांगली दहा मिनिटं. म्हणून काम संपलं की उठायच्या आधी नवं एकदा उघडायचं, त्याचं आटपू द्यायचं आणि बंद करायचं. नंतर बसणाऱ्याला त्रास नको."

"म्हणजे जाता जाता समजूत काढून जायची."

"तुम्हाला जमेल. समजूत काढणाऱ्या दिसता."

"आणि बोटं चिरडणाऱ्या?"

"ते काय, दिसलंच..." असं म्हणून त्यानं सुजलेलं बोट तिच्यासमोर धरलं. ठमीला हसू आवरेना.

त्यानंतर सबुरीला वर यायला कारणं फुटली. कधी माऊस बघायला, कधी वायर बघायला, कधी नुसतंच "चालतंय ना?" विचारायला. पावसाची भुरभुर असली की तो जिन्याच्या तोंडाशी उभा असायचा, आणि ठमीकडे छत्री असूनही "भिजाल" म्हणायचा. मग ठमी छत्री उघडायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावायची.

आणि मग मैना आली.

मैना हे काही तिचं नाव नव्हे. ठमीनं मनातल्या मनात ठेवलेलं. नव्या गिऱ्हाइकांचं काम वाढलं म्हणून साहेबांनी दुपारसाठी तिला ठेवलं. गोड आवाज, पाठीवर वेणी, आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही. दोन वाजले की खुर्ची तिची. ठमी मग खिडकीजवळच्या टेबलावर बसून दाखल्यांचे कागद लावायची आणि तासाभरानं घरी जायची. पोरगी वाईट नव्हती, हेच तर वाईट होतं. वाईट असती तर ठमीला निदान मोकळेपणानं नावं ठेवता आली असती.

एकदा सबुरी कीबोर्ड बदलायला वर आला. मैना काहीतरी म्हणाली आणि तो मान मागे टाकून हसला. खो खो हसला! ठमीनं कागदावर दिलेला शिक्का उलटा पडला. तिच्याशी बोलताना तो हसायचा तो गालातल्या गालात. एवढं मोठं हसू त्याच्याकडे आहे हे तिला ठाऊकच नव्हतं, आणि ते मैनेला पहिल्याच भेटीत मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठमीनं दाखले संपवले, जुनं बंद केलं आणि खुर्चीवरून उठली. नवं उघडलं नाही. विसरली नाही हं — उघडलं नाही.

मैना येऊन बसली. पाटी आली. "अय्या, हे काय गं? थांबा म्हणतंय!"

"मग थांब," ठमी कागदात डोकं घालून म्हणाली.

पण मैना कसली थांबते! फोन उचलून तिनं सरळ सबुरीला बोलावलं. आणि हा बाबा दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर हजर. मैनेच्या शेजारी स्टूल ओढून बसला. करण्यासारखं काही नव्हतंच, पाटी आपोआप जाते. तो नुसता बसला, "सबुरी, होईल" म्हणाला, आणि झाल्यावर गेला.

आता शहाण्या मुलीनं इथेच थांबावं की नाही? पण जळफळाट सुरू झाला की शहाणपण कुठलं? बघू तरी, उद्या बोलावलं तर येतो का... असं म्हणत तिनं दुसऱ्या दिवशीही तेच केलं. तो आला. तिसऱ्या दिवशी? आला. पाऊस धो धो कोसळत होता, खाली दुकानात गर्दी होती, तरी आला. ठमी पाठ करून बसायची आणि सगळं कानांनी बघायची. स्टूल ओढल्याचा आवाज. मैनेची बडबड. त्याचं 'हूं'. घरी जाताना तिचा चेहरा असा असायचा की रस्त्यातली माणसं बाजूला व्हायची.

"वन्सं, ताटातलं गार झालं," वहिनीनं एका रात्री हटकलं. "कुणावर एवढ्या उखडल्या आहात?"

ठमीनं आढेवेढे घेतले, मग सगळं भडाभडा सांगून टाकलं. वहिनी आधी पोट धरून हसली.

"म्हणजे बोलवायची सोय तुम्हीच करता आणि तो आला म्हणून जळताही तुम्हीच? धन्य आहे बाई!"

"हस तू. माझा जीव जातोय."

"तुमचा जातोय तो जातोय," वहिनीचं हसू हळूहळू ओसरलं. "पण त्या पोरीला काय वाटत असेल हो? रोज एक माणूस धावत येऊन शेजारी बसतो..."

ठमीच्या हातातला घास हातातच राहिला. हे काही तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

त्याचं उत्तर मैनेनंच दिलं. शुक्रवारी पाटी जाऊन सबुरीही खाली गेल्यावर ती खिडकीपाशी आली. आज बडबड नव्हती. वेणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "एक विचारू? हे खालचं काम टाकून वर येतात, काही करत नाहीत, नुसते बसतात. सारखं इकडं तिकडं बघतात... लाजत असतील का गं? आवडत असेन का मी त्यांना?"

ठमीनं लावून झालेले कागद पुन्हा लावायला घेतले. "मला काय माहीत," ती म्हणाली.

तेवढ्यात साहेब बाहेर आले. रोजच्या कटकटीनं ते वैतागले होते. "बास झालं. उद्या तो आला की जुनं काढूनच टाकायला सांगतो. ठमाबाई, सोमवारपासून तुम्ही गोदामात बसा. तिथे एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडलाय, त्यावर दाखले करा." गोदाम गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे ना तो जिना, ना जिन्याशी कुणी उभं. आणि इथे? इथे रोज मैना आणि तो! स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता ठमीनं.

शनिवारी सबुरी कॉम्प्युटरपुढे बसला होता. मैना लवकर आली होती, केसांत फूल माळून. साहेब मागे हात बांधून उभे. "काढू ना जुनं?" सबुरीनं विचारलं. पण विचारलं ते साहेबांना नव्हे. तो ठमीकडे बघत होता.

गप्प बसली असती तर तिचं गुपित झाकलेलंच राहिलं असतं. ठमीनं एकदा मैनेच्या केसांतल्या फुलाकडे पाहिलं.

"थांबा," ती म्हणाली. "कॉम्प्युटरचा काही दोष नाही. दुपारी उठताना नवं उघडून ठेवायचं असतं. मी मुद्दाम ठेवत नव्हते."

"मुद्दाम? का?" साहेबांच्या भुवया वर गेल्या.

"कारण... कारण हे हिच्याशी हसले," ठमीचे कान लालबुंद झाले होते, पण आता तोंड थांबेना. "मग हिला त्रास द्यावा म्हणून केलं. मग हे धावत येतात का ते बघायला केलं. आणि हे यायचे! रोज यायचे, हिच्याजवळ बसायचे, आणि मला ते बघवायचं नाही. झालं? आता पाठवा गोदामात."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मला माहीत होतं," सबुरी हळूच म्हणाला. "पहिल्याच दिवशी कळलं. ती पाटी कशी येते हे सांगितलं होतं कुणाला, यांनाच ना? मला वाटलं..." तो अडखळला. "मला वाटलं, या मला बोलावतायत."

"मी?"

"मग काय! मी जीव खाऊन जिने चढायचो आणि तुम्ही पाठ करून बसायच्या. त्या स्टुलावरून तुमची मान तेवढी दिसायची. दहा मिनिटं मान बघायची आणि खाली जायचं. उद्या तरी वळतील म्हणून पुन्हा यायचं."

साहेब खाकरले. "जुनं राहू दे," एवढं म्हणून ते आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

मैना उठून जिन्यात गेली होती. सबुरी पुढे झाला, पण ठमीनं हातानं थांबवलं आणि ती मैनेच्या मागे गेली. मैना कठड्याला टेकून उभी होती. फूल हातात होतं.

"रागाव," ठमी म्हणाली. "दोन थोबाडीत दे हवं तर."

"देणार होते," मैनेनं नाक पुसलं. "मी आपली वेडी, रोज नीट भांग पाडून यायचे गं. एक खरं सांग. ते माझ्याकडे बघून कधीच नाही हसले?"

"हसले. कीबोर्ड बदलताना, तू साहेबांची नक्कल केलीस तेव्हा. खूप छान हसले. मी तेव्हापासून झोपले नाहीये नीट."

मैनेला रडता रडता हसू फुटलं. मग ते पुन्हा गेलं. "सोमवारी बोलेन तुझ्याशी," ती म्हणाली. "आज नाही जमायचं." आणि ती आत जाऊन कामाला बसली. ठमीला ते लागलं. लागायलाच हवं होतं.

ठमी घरी निघाली तेव्हा खाली जिन्याच्या तोंडाशी सबुरी उभा होता. बाहेर रस्ता ओला, वर आभाळ मोकळं.

"तिची नक्कल खरंच एवढी छान होती?" ठमीनं जाता जाता विचारलंच.

"अजून तेच?"

"अजून तेच. आयुष्यभर तेच असेल. आताच विचार करा."

"केला," तो म्हणाला. गालातल्या गालात हसला. "पण उद्या रविवार. ऑफिस बंद, कॉम्प्युटर बंद. मला बोलवायला काय बिघडवणार?"

ठमी एक पायरी उतरली. मग वळली. पाठ करून बसण्यात तिचे बरेच दिवस गेले होते, म्हणून सरळ त्याच्या डोळ्यांत बघत ती म्हणाली,

"काही नाही. उद्या सकाळी घरी ये."