बेचाळीस क्रमांकाचं हृदय

पाचगणीच्या पठारावरील शांतता-निरीक्षण केंद्रात मृदुला सबनीस रोज आल्या आल्या पडद्यावरची बेचाळीस क्रमांकाची रेघ पाहायची. ती तिच्या नवऱ्याच्या, श्रीरंगच्या हृदयाची होती. रेघ हलते आहे म्हणजे तो जिवंत आहे, एवढंच तिला कळायचं. युद्धातल्या दोन्ही बाजूंच्या करारानुसार पत्रं, फोन, सगळं बंद होतं. दोन वर्षं त्याच्या एका हाकेसाठी तिचा जीव तळमळत होता.

वेढा पडलेल्या तुर्वान शहरात श्रीरंग युद्धाविरुद्ध सत्याग्रहाला बसला होता. दोन्ही सैन्यांच्या विमानांवर हृदयाचे ठोके दुरून ओळखणारे स्पंदनवेधक होते. प्रत्येक हृदयाची ठेवण निराळी, म्हणून त्याची मुद्राही निराळी. नोंदवलेल्या किमान शंभर परदेशी सत्याग्रहींची हृदयं शहरात धडधडत असतील, तर बॉम्ब सुटतच नसे. तुर्वानच्या चाळीस हजार रहिवाशांची हृदयं मात्र मोजणीत धरलेली नव्हती. करार लिहिणाऱ्या शहाण्यांना तेवढं सुचलं नसावं.

आज एकशे एकावा सत्याग्रही तिथे पोचला; आता एकाला परतता येणार होतं. मृदुलाने लगेच श्रीरंगच्या परतीचा अर्ज पाठवला. केंद्राचे हृदयतज्ज्ञ डॉ. खांबेटे मात्र कालच्या नोंदी पुन्हा तपासत होते.

"मृदुलाबाई, काल वेशीवर तोफगोळा पडला. नव्याण्णव हृदयं उसळली. बेचाळीस ढिम्म."

"सात महिने असंच चाललंय," ती अभिमानाने म्हणाली. "भीतीच गेलीय त्याची. घरी झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढायचा!"

खांबेटे हसले नाहीत. "भीती मेंदूत असते. मज्जातंतू ती हृदयापर्यंत नेतात. ते तुटले, तर हृदय आपल्याच लयीत चालत राहतं."

"कसे तुटतील?"

त्यांनी काही सांगायच्या आत अर्जाला तुर्वानचं उत्तर पडद्यावर आलं.

"मी निलूफर, इथे शाळेत शिकवते. सात महिन्यांपूर्वी भिंत कोसळून श्रीरंगभाई गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं हृदय धडधडतं ठेवूनच मला बसवलं. स्पंदन थांबल्याशिवाय तुमच्याकडे मृत्यूची नोंद होत नाही, आणि परतीच्या अर्जाखेरीज आम्हाला कशालाच उत्तर देता येत नाही. तोफ वाजली की मी थरथरते, हे हृदय शांत असतं. यंत्राला मोजता येणारी तुर्वानची मी एकटीच. बोलावलंत तर नियमाप्रमाणे मला यावं लागेल."

मृदुला ओक्साबोक्शी रडली. ते हृदय इथे यावं, छातीला कान लावून एकदा ऐकावं, एवढंच तिला वाटत होतं.

"अर्ज वैध आहे," खांबेटे हळूच म्हणाले. "बोलावू शकता तुम्ही."

"आणि तिची शाळेतली पोरं?"

तिने परतीचा अर्ज रद्द केला. सत्याग्रहींच्या यादीत स्वतःचं नाव घातलं, आणि तुर्वानला जाण्याच्या कारणापुढे लिहिलं: नवऱ्याला भेटायला.