खुन्याचे बूट

मी पावलं वाजवतो. हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग पुन्हा लग्नाचं विचारत नाहीत. पण काम खरं आहे. सिनेमात माणूस चालतो, तेव्हा त्याच्या बुटांचा आवाज माझ्यासारखा कुणीतरी बंद खोलीत, पडद्याकडे बघत, पाय आपटून काढत असतो.

त्या दुपारी एका जुन्या रहस्यपटाचं काम होतं. चित्र ठणठणीत, पण आवाज बुरशीने खाल्लेला, म्हणून सगळा नव्याने भरायचा. काचेपलीकडे रेकॉर्डिंगला मावशी. सख्खी मावशी, म्हणून शिव्या फुकट.

"शेवटचा प्रसंग," ती हेडफोनमध्ये म्हणाली. "खुनी बोळातून बाईच्या खोलीपर्यंत जातो. नुसती पाठ दिसते. कुणी म्हणतं माणूस, कुणी म्हणतं भूत. तू आपला वाजव."

"भुताला बूट कशाला?"

"गप चाल."

पडद्यावर लांब बोळ, काळा कोट. दाराच्या फटीत बाईचा एक डोळा. मी जागच्या जागी चालू लागलो. टक. टक. खोलीत ओल्या लाकडाचा वास भरायला लागला. मला शिंक आली, मी थांबलो.

तोही थांबला.

मी एक पाऊल टाकलं. त्याने टाकलं. मी लंगडलो, तो लंगडला. मला राहवेना, थोडा नाचलो. खुनी कोट सावरत नाचला. माझ्यापेक्षा बरा नाचला.

"मावशी, मशीन बंद कर."

"बंदच आहे रे... मघापासून."

बाई आता खुन्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत मान हलवत होती... नको, नको. तिचं दार त्याच्या हाताच्या अंतरावर. माझं दार खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मी बाहेर पडायला निघालो, तर तो आधी आत शिरणार. उलटं चालून बघितलं. तो पुढेच सरकला. भुताला उलटंसुलटं कळत नसावं.

मग मी नुसता उभा राहिलो. पोटऱ्यांचे दगड झाले. बूट काढायचे तर पाय उचलायला हवा.

"मावशी... खुर्ची आण. मी हललो तर ती मेली."

मावशीने वाद घातला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. ती खुर्ची घेऊन आत आली. जाड दार तिच्यामागे आपोआप लागलं. मी पाय न उचलता बसलो. खुनी बोळात, हवेतच बसला. आम्ही तिघांनी, बाई धरून, श्वास सोडला.

मग त्याच्या बुटाचं टोक हललं. टक.

मी खाली बघितलं. माझंही हललं. त्याच्यानंतर.

"मावशी, बाहेर जा."

तिने दाराची मूठ ओढली. पुन्हा ओढली. "हे उघडत का नाहीये..."

तो उठला. मी उठलो. त्याने बाईच्या दाराकडे पाठ केली, मान खाली घालून आमच्या दिशेने वळला. बाईने घाईघाईने दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. तो मी काढला नव्हता.

माझे पाय मावशीकडे निघाले.

दाराला पाठ टेकून ती माझ्या बुटांकडे बघत राहिली.

"चेष्टा करतोयस ना रे?" तिने हळूच विचारलं.

"हो," मी म्हणालो.

पाय काही थांबले नाहीत.