कानात सांगितलेलं नाव

बारशाच्या सकाळी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं होतं, "श्रद्धा कानात काय सांगते ते ऐकून घेजो बरं. जवळ उभी राहून ऐक."

मला हसू आलं. नाव ठरलेलं होतं, रेवा. बुंदीच्या पाकिटांवर छापूनसुद्धा आलं होतं. आत्या त्याहून वेगळं काय सांगणार? "हौ आई," म्हटलं आणि साडी सावरत बाहेर गेले.

आत्यानं पाळण्यात वाकून 'कुर्र' करायचं, नाव सांगायचं आणि त्याच वेळी बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. आमच्या बालाघाटात हे धपाटे जरा मन लावूनच घालतात. श्रद्धा वाकली, गलका झाला, आणि ती वाकलेलीच राहिली. मारणाऱ्यांचे हात थांबले तरी ती उठेना. कुणीतरी म्हणालं, "अवं, नाव सांगून राह्यली का पूर्ण पत्ता?" सगळ्या हसल्या, मीही हसले. ती उठली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. धपाटे जोरात बसले असतील, असं मला वाटलं.

श्रद्धा माझी धाकटी नणंद. तिची मुलगी स्वतःच्या बारशाआधीच गेली. त्यानंतर ती गोंदियाहून माहेरी आली ती परत गेलीच नाही. त्या बाळाबद्दल घरात कुणी बोलत नसे. श्रद्धानं पीएचडीला नाव घातलं होतं, विषय अमेरिकेतले जुने धर्मपंथ. बैहर रोडवरचा एक जुना मिशन बंगला रिकामा झाला, तेव्हा तिथली पुस्तकं मोतीलाल कबाडीच्या हातगाडीवर आली. तिनं ती सगळी उतरवून घेतली. चर्चचे इतिहास, प्रवचनं, आणि जाडजूड वंशावळी: अमेरिकेतल्या पहिल्या वस्तीतली घराणी, कोण कुठल्या जहाजातून आलं, कुणाला किती मुलं झाली, त्यातली किती जगली. पुस्तकं तिच्या खोलीत भिंतीला लावून रचलेली असत. त्यांना डांबरगोळ्यांचा आणि ओल्या पोत्यांचा वास येई.

रेवा सहा महिन्यांची झाली आणि माझी शाळा सुरू झाली. सकाळी मी निघायचे, दुपारी परत यायचे. तोवर रेवा श्रद्धाकडे.

मला ते आवडत नव्हतं. सरळ सांगते. मी यायचे तेव्हा पोरगी तिच्या मांडीवर असायची आणि माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. मी हात पुढे केले की तोंड फिरवून आत्याच्या खांद्यात खुपसायची. तिच्या जावळाला बेबी ऑइलचा वास यायला हवा होता. यायचा तो डांबरगोळ्यांचा. मी रोज तिचं डोकं धुवायचे, नंतर नंतर जरा जोरानंच.

"तू जळून राह्यली का तिच्यावर?" अनुराग म्हणाला. अनुराग माझा नवरा, सिंचन विभागात आहे, मोजता येईल तेवढंच खरं मानतो. "फुकटात सांभाळून राह्यली पोरीले. थँक्यू म्हण."

"रेवा म्हणून हाक मारली तर ती वळत नाही."

"लहान आहे ती."

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मागून खुळखुळा वाजवला, रेवा वळली. चमचा वाजवला, वळली. "कान ठणठणीत आहेत," ते म्हणाले. "नाव घेऊन बघा." मी घेतलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

त्या संध्याकाळी मी श्रद्धाच्या खोलीत गेले. रेवा तिच्या मांडीवर, आणि रेवाच्या मांडीवर उघडं पुस्तक.

"वहिनी, हे पाह्य," श्रद्धा म्हणाली. एकाच आईबापांच्या मुलींची नावं होती, एकाखाली एक. तेच नाव तीन वेळा. "पोरगी गेली की पुढचीले तेच नाव द्यायचे. तीही गेली तर तिच्या पुढचीले."

"आपल्याकडे उलट," मी म्हणाले. "पोरं वाचत नसली की धोंडी, दगडी असं ठेवायचे. नजर लागू नये म्हणून."

"आपण लपवतो," ती पानावरून बोट फिरवत म्हणाली. "ते गेलेलीले बोलवत."

"चर्चमध्ये चालायचं हे?"

"देवासमोरच तर बोलवत, वहिनी."

मी रेवाला उचललं. ती रडली. श्रद्धानं तिच्या कानाशी ओठ नेले, काहीतरी म्हटलं, आणि पोर शांत झाली. माझ्या कडेवर असून तिच्या शब्दानं शांत झाली. मला त्या क्षणी भीती वाटायला हवी होती. मला राग आला.

कान त्यानंतर दिसला. रविवारी सासूबाई रेवाला तेल लावत होत्या. त्यांचा हात एकदम थांबला. रेवाचा डावा कान वरून दुमडलेला होता, वाचताना खूण म्हणून पानाचा कोपरा दुमडावा तसा.

"झोपली असेल त्या अंगावर," मी म्हणाले.

सासूबाईंनी अंगठ्यानं तो सरळ केला. सोडला की पुन्हा दुमडला.

"श्रद्धाच्या पोरीचा असाच होता," त्या पुटपुटल्या. मग माझ्याकडे न बघता, "तुले म्हटलं होतं मी, ऐकून घे."

मी जन्माच्या वेळचे दवाखान्यातले फोटो मोठे करकरून पाहिले. सगळ्यांत कान सरळ. अनुरागला दाखवले. "अँगल असते फोटोले," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी शाळेत माझं लक्ष लागेना. मधल्या सुट्टीतच ऑटो करून घरी आले. सासूबाई देवळात गेल्या होत्या. दार नुसतं लोटलेलं. आतून श्रद्धाचा वाचण्याचा आवाज येत होता, इंग्रजी, संथ, पोथी वाचावी तसा. मध्येच ती थांबली आणि एक नाव घेतलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. वाचताना तुम्ही ते मनात उच्चाराल.

रेवा हसली. खिदळली. माझ्याकडे ती तशी कधी हसली नव्हती.

मी दारात उभी राहिले आणि ओरडले, "रेवा!"

मांडीवरची पोर वळली नाही.

आतल्या खोलीत पाळण्याचे घुंगरू वाजले.

आमचा पाळणा रिकामा होता. आत कुणी असायचं कारण नव्हतं. खिडकी बंद होती, पंखाही बंद होता. मी पुन्हा हाक मारली, हळू. घुंगरू पुन्हा वाजले.

श्रद्धा उठून उभी राहिली. पोरीला तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. "वहिनी, हिले नको नेऊ. तुझी आत निजली आहे."

"दे इकडे."

"तुझी आत आहे, वहिनी. जाऊन पाह्य तर खरी."

मला वाटलं, मला आत पाठवून ही पळेल. तेवढंच वाटलं. मी तिच्या हातांतून पोर हिसकावली. ती तिच्या हातांत होती, म्हणून हिसकावली.

आत गेले नाही.

पाळण्यात पाहिलं नाही.

मिळेल त्या बसनं लांजीला माहेरी आले. वाटेत मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

इथे आल्यापासून पोर गुणी झाली आहे. माझ्याशिवाय कुणाकडे जात नाही. माझी आई तिला घ्यायला गेली की माझा पदर मुठीत धरते. परवा मला 'आई' म्हणाली. रेवा म्हटलं तर वळत नाही. त्या दुसऱ्या नावानं हाक मारली की ओठ न हलवता आधी हसते, मग येते. मी आता तेच नाव घेते. घ्यावंच लागतं. झोपली की मी तिचा डावा कान सरळ करते, आणि तो दुमडतो.

काल सासूबाईंचा फोन आला. श्रद्धा जेवत नाही, बोलत नाही, पुस्तकंही उघडत नाही, म्हणाल्या. बोलताना मागून रडणं ऐकू येत होतं. रेवा रडून रडून थकली की शेवटी उचकी लागायची. तशीच उचकी होती.

"आई, कोण रडून राह्यलं?"

"टीव्ही असन व."

"टीव्ही बंद करा बरं."

त्यांनी रिमोट शोधला नाही. फोन ठेवून दिला. अनुरागला विचारलं तर म्हणाला, घरात लहान मूल कुठून येईल, तू तर घेऊन गेली.

मी जायला हवं, मला कळतं. रोज पिशवी भरते. पण हिला परत त्या घरात नेलं तर श्रद्धा हात पुढे करेल, आणि ही जाईल. मला ते बघवणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा हे लेकरू मला सोडत नाहीये.

म्हणून तुम्हाला विचारते. बालाघाटात असाल, तर रेल्वे फाटकाच्या अलीकडच्या गल्लीत हिरव्या गेटचं घर आहे, दारात पांढरा चाफा. दुपारी जा, त्या वेळी सासूबाई देवळात असतात. गेटपाशी उभं राहून 'रेवा' म्हणून एक हाक मारा. जोरात नको, घाबरते ती.

घुंगरू वाजले, तर तेवढं बघाल का, कुणी तिला दूध दिलंय की नाही? कोमट लागतं. साखर नको.