सातवं प्रकरण

"सातवं प्रकरण सुरू केलं की कॉम्प्युटर बंद! सहा वेळा झालं हे," निवृत्त सर्जन कडाडले. "कुणीतरी माझं आत्मचरित्र बुडवायला टपलंय."

खाजगी तपासनीस, ज्यांना सगळे 'दुर्बीण' म्हणत, टेबलाखाली वाकले. कॉम्प्युटरचा डबा जमिनीवर होता, टायपिस्टच्या पायाशी. तिने उजवी चप्पल काढून ठेवली होती.

"तापत असेल, भाऊजी," दुर्बिणींबरोबर आलेला त्यांचा मेहुणा म्हणाला.

"बंद पडतो तेव्हा टेबलावरचा दिवा?" दुर्बिणींनी डॉक्टरांना विचारलं.

"चालूच असतो. मी खिडकीशी उभा राहून सांगतो, ही टाइप करते. मध्येच म्हणते, साहेब, सगळं गेलं."

"सातव्यात आहे काय?"

"ऑपरेशन टेबलावर दगावलेला एक पेशंट. नर्सने चुकीचं इंजेक्शन भरलं होतं."

दुर्बिणींनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो वैतागलेलाच होता. "पार्ट बदलून थकलो! दुकानात दोन दिवस अखंड चालला. बटण पाच सेकंद दाबून धरलं तर जाईल, पण तसा कुणाचाही जातो."

डॉक्टरांची बायको म्हणाली, "मी रोज तासभर त्यावर पत्ते खेळते. कधी अडला नाही. आणि मला बुडवायचंच असतं, तर पहिलं प्रकरणच बुडवलं असतं."

टायपिस्टच्या पर्समधून एक वही डोकावत होती.

"लघुलिपी?"

"साहेबांनी दिवसभर सांगितलेलं घरी जाऊन आठवून उतरवते. सवय आहे."

"घरी कोण असतं?"

"कुणी नाही. आई होती. नर्स होती."

दुर्बिणींनी सगळ्यांना बसायला सांगितलं.

"दिवा चालू, म्हणजे वीज होती. दुकानात चालतो, वहिनींकडे चालतो, म्हणजे यंत्र धडधाकट. शिवाय यंत्राला प्रकरणांचे आकडे कळत नाहीत, ते ऐकणाऱ्याला कळतात. डॉक्टर, तुमची पाठ असते. हिचे हात कीबोर्डवर, पण उजवा पाय मोकळा. अंगठा बटणावर, पाच सेकंद."

"पण मिळवलं काय?" मेहुणा गोंधळला. "डॉक्टर पुन्हा सांगणारच की!"

"तेच तर हवं होतं. खरं कितीदाही सांगा, तसंच राहतं. खोटं दर वेळी नव्याने जुळवावं लागतं."

टायपिस्टने वही उघडली. तिचा आवाज जराही हलला नाही.

"पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत, इंजेक्शन आईने भरलं. तिसऱ्यांदा ती रक्ताची बाटली आणायला बाहेर गेली होती. पाचव्यांदा सुई तुमच्या हातात आली. सहाव्यांदा तुम्ही म्हणालात, 'औषधाचं नाव वाचायला वेळ कुठे होता मला.' मला, साहेब. माझ्या आईची नोकरी गेली, नाव गेलं. 'मी नव्हतेच खोलीत' एवढंच अकरा वर्षं बोलत ती मेली. तारखेसकट सगळं लिहिलंय. प्रती कालच पोस्टात टाकल्यात. मेडिकल कौन्सिलला आणि पेशंटच्या मुलीला."

डॉक्टर पांढरेफटक पडले. "हाकला हिला! अगं, बघतेस काय? पोलिसांना बोलाव!"

बायको उठली. तिने टायपिस्टला हाताला धरून बाजूच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः कीबोर्डसमोर बसली.

"बोलावते. पण आधी सातव्यांदा सांगा," ती म्हणाली. "आणि अहो, या वेळी माझ्याकडे तोंड करून."