मुंगीच्या चालीनं

शहाडच्या पुलाखाली विनिताची गाडी तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा रसवंतीच्या बाकावरचा एक जण हातातला ग्लास खाली न ठेवताच म्हणाला, "भुकेली आहे."

विनितानं हेल्मेट काढलं. "कोण?"

"गाडी. पळताना कळत नाही, पण हळू चालवली की गचके देते. हो ना?"

नेमकं तेच होतं, म्हणूनच तिला राग आला. ठाण्यात तीन मेकॅनिक झाले. एकानं प्लग बदलला, दुसऱ्यानं चेन आवळली, आणि शेवटी तिघांनी मिळून खापर तिच्यावरच फोडलं — मॅडम, तुमचा क्लचवर हात बसलेला नाही. वैद्याला रोग कळेना की रोगीच वाईट!

"तुम्ही गाड्यांचे ज्योतिषी का?"

"सुदेश. समोरचं गॅरेज माझं. रस प्या, तोवर बघतो."

विनिता ठाण्यातल्या कोपरीची. तिथं पाडव्याच्या स्वागतयात्रेत नऊवारीतल्या बायका मोटारसायकलींची रांग काढतात, आणि ती रांग पालखीमागं मुंगीच्या चालीनं सरकते. गेल्या साली सगळ्यांत पुढं विनिता होती, मागं तिची आई गंगुबाई, हातात ध्वज घेऊन. ऐन चौकात गाडीनं गचका दिला, बंद पडली, आडवी झाली. गंगुबाईला खरचटलंसुद्धा नाही, पण ध्वज जमिनीला टेकला. ते त्या बाईच्या घशाखाली अजून उतरलं नव्हतं.

"बसेन तर हिच्याच मागं," तिनं मंडळाला ठणकावलं होतं, आणि घरी येऊन लेकीला, "पण पुन्हा ध्वज टेकला, तर गाडी विकायची. बोलणं संपलं."

सुदेशनं काडेपेटीएवढी एक काळी डबी काढली.

"हिनं काय होणार?"

"सायलेन्सरमधला सेन्सर धूर हुंगतो आणि गाडीच्या मेंदूला सांगतो, पेट्रोल किती सोडायचं. कंपनीनं आधीच हात आखडता ठेवलाय. ही डबी मधे बसते आणि मेंदूला म्हणते, बाबा, घोटभर जास्त दे."

"म्हणजे चहाड्या करते!"

"घराच्या भल्यासाठी."

"आणि मेंदू लगेच ऐकतो?"

"छे. हळूहळू शिकतो. पन्नासेक किलोमीटर सावकाश चालवा, मग सवय लागेल."

विनिता विचारत राहिली. ही तार कुठं जाते? इथं हात लावला तर? डबीवरचे आकडे कसले? सुदेश पाना बाजूला ठेवून सांगत राहिला. बोटं काळी, पण प्रत्येक तार अशी उचलायचा, की जणू जाईची वेणी उचलतोय...

"इतकं विचारणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतोय," तो म्हणाला.

"इतकं सांगणारा मेकॅनिकही."

आठवड्यात गाडी सुधारली. कोपरीच्या बाजारात एका म्हाताऱ्याच्या काठीबरोबर चालली, क्लचला बोट न लावता. हे सांगायला विनिता शहाडला गेली. मग डबीवरचा आकडा वाढवायला गेली. मग 'कसलासा आवाज येतोय' म्हणून गेली, जो कुणालाच ऐकू आला नाही. आणि मग कारणं संपली. पाडवा उद्यावर आला, गाडी लोण्यासारखी — आता तिला गॅरेजात न्यायचं कोणत्या तोंडानं?

पाडव्याच्या आदल्या सकाळी ती शहाडच्या पुलाखाली थांबली, सीट उघडली, आणि पान्यानं बॅटरीची तार सोडवली.

"अहो सुदेश... चालूच होत नाहीये!"

त्यानं तार जोडली, गाडी सुरू करून चार हात पुढं नेली. गचका. आणखी एक गचका. त्याचा चेहरा उतरला.

"तार कुणी काढली?"

"निघाली असेल."

"आणि पाना तुझ्या पिशवीत चालत आला?"

'तुझ्या' — विनिताला तेवढंच ऐकू आलं. पुढचं ऐकलं, तेव्हा पायाखालची जमीन सरकली.

"बॅटरी काढली की शिकलेलं पुसलं जातं, विनिता. गाडी सगळं विसरली. उद्या पाडवा ना?"

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. आईचा ध्वज, गाडी, सगळं एका तारेपायी! सुदेशनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं, गॅरेजचं शटर ओढलं, रसवंतीवरून अख्खा ऊस उचलला आणि तिच्या मागं बसला.

"हे काय?"

"हा ध्वज. मी तुझी आई. चल, पन्नास किलोमीटर, मुंगीच्या चालीनं."

शहाड ते म्हारळ, म्हारळ ते शहाड. ऊन तापलं, नदीवरचा वारा मधूनच मानेला लागायचा. एक रिक्षावाला बाजूनं ओरडला, "काय भावा, वरात कुठं निघाली?" सुदेशनं ऊस आणखी उंच धरला.

तिसाव्या किलोमीटरला गचके विरले. इंजिनाचा आवाज मांजरासारखा मऊ झाला, आणि मागून हळूच प्रश्न आला, "का काढलीस तार?"

बरं झालं, तोंड दिसत नव्हतं. "यायला... कारण उरलं नव्हतं."

सुदेशनं ऊस या हातातून त्या हातात घेतला. मग, "त्या दिवशी आवाज येतोय म्हणालीस ना? मी अर्धा तास कान लावून बसलो होतो."

"मग?"

"आवाज नव्हता, हे मला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं."

गाडी चालतच राहिली... गचका आला, तो फक्त विनिताच्या छातीत.

पाडव्याला चौक आला. ढोल थांबले, पालखी सरकली. विनितानं क्लच पूर्ण सोडला. गाडीनं श्वास घेतला आणि पावलापाऊल पुढं निघाली. ध्वज सरळ. बायकांनी टाळ्या वाजवल्या. गंगुबाईनं नथ सावरली, आणि त्या बाईच्या नजरेतून काय सुटणार?

"कडेनं चालतोय तो कोण गं? सारखा बघतोय."

"मेकॅनिक आहे. गाडी बघतोय."

"गाडीला काय धाड भरली? नीट चाललीये की." गंगुबाईनं पुन्हा कडेला पाहिलं. मग लेकीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आणखी हळू घे. त्याला चालत यायचंय."